सोमकांताचे जोडे

एका राज्यात दरबारात शिरताना राजालाही जोडे उंबऱ्याबाहेर काढावे लागत. त्या राज्याचे नाव आज कुणाला सांगता येत नाही, पण ही रीत सांगता येते, कारण पुढे जे घडले ते तिच्यापायीच घडले. दरबाराच्या दारापुढे लांबरुंद देवडी होती. सकाळी नगारा झाला की देवडीत जोड्यांच्या रांगा लागत. सरदारांच्या जरीच्या मोजड्या, पंडितांच्या खडावा, दूरदेशीच्या वकिलांचे चढाव, आणि गाऱ्हाणे घेऊन आलेल्या कुणब्यांच्या करकरणाऱ्या वहाणा.

राजाचे नाव भद्रायू. तो न्यायी होता, शूर होता, पण घाईचा होता. माणूस ओळखायला जितका वेळ लागतो तितका त्याच्यापाशी कधीच नसे. राणी मालिनीच्या पायांतली शक्ती धाकट्या मुलाच्या जन्माच्या वेळी गेली, ती परत आली नाही. पश्चिमेच्या महालात ती खिडकीशी पडून असे. राजा आधी रोज येई, मग सणावारी येऊ लागला, मग सणही राज्यकारभारात बुडाले.

थोरली राजकन्या चारुमती बापाची लाडकी. मुलांना दरबारात मज्जाव होता, म्हणून बापाच्या आवाजाजवळ राहावे या ओढीने ती देवडीत येऊन बसे. समोर दिसायचे ते जोडे. पाहता पाहता तिला जोड्यांवरून माणूस कळू लागला. चवड्यांवर झिजलेले जोडे लपतछपत चालणाऱ्याचे. आतल्या कडेने झिजलेले मनात एक आणि ओठांवर एक असणाऱ्याचे. वरून चकचकीत आणि खाली स्वतःच्या हाताने टाके घातलेले जोडे गरीब पण ताठ माणसाचे, त्याने दिलेला शब्द पक्का. एकदा सीमेवरचा एक सरदार निष्ठेची शपथ घ्यायला आला, तेव्हा चारुमती बापाला म्हणाली, "याने जोडे बाहेरच्या तोंडाने काढून ठेवले आहेत. हा निघण्याच्या तयारीनेच आत आला." राजा हसला. महिना उलटला नाही तोच तो सरदार शत्रूला जाऊन मिळाला.

त्या दिवसापासून राजा तिच्या बोलण्यावर हसला नाही. कुणाला पद द्यायचे, कुणाला दूर ठेवायचे, हे देवडीत ठरू लागले. चारुमतीची वाणी कधी खोटी ठरली नाही, म्हणून तिला स्वतःलाही कधी शंका आली नाही.

धाकटा राजपुत्र सोमकांत वयात आला. उत्तरेची खिंड सांभाळायला विश्वासाचा माणूस हवा होता, आणि खिंड राजपुत्राच्या हाती द्यावी असे प्रधान बुद्धिधराचे मत पडले. राजाने सोमकांताचे जोडे चारुमतीपुढे ठेवले. भाऊ समोरच उभा होता.

चारुमतीने जोडे उलटे केले. चवडे नव्यासारखे होते. टाचा मात्र पार गेल्या होत्या, डावी उजवीहून अधिक. तिने ते खाली ठेवले आणि म्हणाली, "हे मागे राहणाऱ्याचे जोडे आहेत, महाराज. पुढे पाऊल टाकताना याचा सारा भार मागे असतो. खिंड याच्या हाती देऊ नये."

राजाने खिंड दुसऱ्याला दिली. मुलाकडे त्याने रागाने पाहिले नाही, पण त्याच्याकडे पाहणेच त्याने सोडून दिले. सोमकांताने वाद घातला नाही. देवडीतून जाताना त्याने बहिणीला एवढेच विचारले, तुला खरेच तसे दिसले का. तिने सांगितले की दिसले तेच बोलले. त्याने मान डोलावली, जोडे पायांत घातले आणि तो गेला.

पुढच्या वर्षी राज्यात धूम्रकेश नावाचा मांत्रिक आला. त्याने वाळलेल्या विहिरींना पाणी आणले आणि मुक्या बैलांना बोलते केले. लोक त्याच्या पायांवर लोटले. राजगुरूचे आसन मला द्यावे, एवढीच त्याची मागणी होती. दरबार भरला, राजपुत्रापासून रखवालदारापर्यंत सगळे आत गेले, आणि धूम्रकेशानेही आपल्या खडावा देवडीत काढल्या. चारुमतीने त्या हातात घेतल्या. त्यांना झीज नव्हती. धूळ नव्हती, डाग नव्हता, अंगठ्याचा ठसासुद्धा नव्हता.

राजाने आतून विचारले. चारुमती उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "हा माणूस कधी कुणाच्या सोबतीने चाललेला नाही आणि कुणासाठी थांबलेला नाही. याला गुरू करू नये."

राजाने आसन नाकारले. धूम्रकेश शांतपणे देवडीत आला आणि त्याने खडावा चढवल्या.

"राजकन्ये," तो म्हणाला, "माणसापेक्षा त्याचा जोडा तुला खरा वाटतो. तर मग जोडेच तुझ्याजवळ राहोत."

तो वळला, आणि आतला आवाज थांबला. चारुमतीने दारातून पाहिले. सिंहासन रिकामे होते, आसने रिकामी होती, चवरी जमिनीवर पडली होती. ज्याचे जोडे देवडीत होते तो प्रत्येक माणूस नाहीसा झाला होता. रांगा तेवढ्या जागच्या जागी होत्या.

दुपारपर्यंत नगरभर बातमी झाली. बायका देवडीत येऊ लागल्या. आपल्या घरचा जोड ओळखून तो मांडीवर घेऊन बसू लागल्या. कुणी टाहो फोडला नाही. एक म्हातारी मुलाच्या वहाणांतला चिखल नखाने काढत होती आणि काढून झाल्यावर पुन्हा काढत होती. चारुमतीला त्या रांगांतला प्रत्येक स्वभाव सांगता आला असता, पण तिला कुणी काही विचारले नाही.

ती आईकडे गेली. घडलेले कसे सांगावे हे तिला कळत नव्हते. राणीने तिच्याआधीच विचारले, सोमकांत कुठे आहे? आज पहाटे आला तेव्हा त्याच्या अंगात कणकण होती, औषध घेतले की नाही?

"पहाटे?" चारुमतीने विचारले. "तो रोज येतो?"

राणीने सांगितले, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. उजाडायच्या आधी सोमकांत येई, आईला पाठीवर घेई आणि महालामागच्या तळ्याच्या पायऱ्या उतरून तिला पाण्याशी नेई. ती पाय पाण्यात सोडून बसे. पायांना पाणी कळत नसे, पण डोळ्यांना कळे. उतरताना तोल जाऊ नये म्हणून तो टाचांवर भार देऊन मागे रेलून चाले. तिचे अंग डावीकडे कलते, म्हणून डावी टाच जास्त. आपल्याला ओझ्यासारखे वाहून नेतात हे राजाला कळू नये, असे राणीला वाटे. तिने मुलाकडून शब्द घेतला होता. तो त्याने मोडला नाही.

चारुमतीने आईच्या पांघरुणाची कड नीट केली, मग पुन्हा नीट केली. मग आईला सारे सांगितले. दरबार, शाप, आणि खिंडीच्या वेळी आपण काय बोललो तेही. राणीने तिला दोष दिला नाही. तिने तोंड खिडकीकडे फिरवले, आणि ते दोष देण्याहून जड होते.

चारुमती तळ्यावर गेली. पायऱ्या उंच होत्या आणि शेवाळलेल्या होत्या. काठच्या खड्यांत एका टिटवीचे घरटे होते. टिटवी उडाली नाही. ती म्हणाली, "या पायऱ्यांवर तुला मी आज पहिल्यांदा पाहते. राजपुत्राला मात्र मी रोज पाहत असे."

"तो कुठे आहे?"

"धूम्रकेशाच्या खोऱ्यात. वाटेत काटेरी सराट्यांचा माळ आहे, त्यापुढे थंड नदी आहे आणि नदीपलीकडे तापलेली वाळू आहे. जोडे घालून त्या वाटेला जो जाईल तो जोड्यांतून नाहीसा होईल. अनवाणी आलीस तर वाट दाखवीन."

चारुमतीने जोडे काढले. देवडीत परतून तिने बायकांच्या मांडीवरचेही सारे जोडे मागून घेतले, एका गोणत्यात भरले, गोणते पाठीवर घेतले आणि ती निघाली. टिटवी पुढे पुढे धावे, थांबे, मागे पाही, पुन्हा धावे.

सराट्यांच्या माळावर तिचे तळवे फाटले. नदीत ते गारठले आणि रक्त थांबले. मग वाळू लागली. वाळू इतकी तापलेली होती की तिच्यावरून वाराही चालत नसे. त्या वाळूत पावलांचे ठसे होते. एकाच माणसाचे, खोल, टाचेकडे अधिक खोल, कितीदा तरी इकडून तिकडे गेलेले आणि परत आलेले. चारुमती ते ठसे पाहत उभी राहिली. मग तिने त्याच ठशांत पाय ठेवत वाळू ओलांडली.

पलीकडे सावली होती आणि सावलीत धूम्रकेश बसला होता. त्याला आश्चर्य वाटले नाही. तो म्हणाला, "तीन कामे सांगतो. एकेक पुरे होईल तशी माणसे सोडीन. चुकलीस तर तूही इथलीच."

त्याने गोणते उपडे केले आणि हाताने हवा ढवळली. जोडे एकमेकांत मिसळले आणि सगळे एका रंगाचे, एका मापाचे झाले. डाव्याला उजवा जुळवायचा, हे पहिले काम होते. रंग आणि माप गेले तरी झीज गेली नव्हती. चारुमती खाली बसली. चवडा चवड्याशी, टाच टाचेशी लावत ती जोड जुळवत गेली. सूर्य कलला तेव्हा ढीग संपला होता. शेवटचा जोड जुळला आणि झाडांमागून माणसे बाहेर आली. पंडित, वकील, सरदार, कुणबी. सगळ्यांच्या पुढे प्रधान बुद्धिधर.

प्रधानाने वाकून मुजरा केला, पण त्याला ताठ होता येईना. त्याने सांगितले की शापाने सगळ्यांना वाळूपलीकडे, नदीच्या बाजूला टाकले होते. नदी शापाने कुणाला जवळ येऊ देत नव्हती; प्यायचे पाणी आणि सावली इकडे, आणि मध्ये ती वाळू. तरणे होते ते धावत निघाले. म्हाताऱ्यांनी आणि दुबळ्यांनी आशा सोडली. मग राजपुत्राने एकाला पाठीवर घेतले, पलीकडे पोहोचवले आणि तो परत आला. पुन्हा एकाला घेतले. "मलाही त्यानेच आणले," प्रधान म्हणाला. "तू जा, मी म्हातारा आहे, असे मी म्हटले. तो म्हणाला, मला सवय आहे."

तो आता कुठे आहे, असे चारुमतीने विचारले. प्रधान खोऱ्याच्या टोकाकडे पाहू लागला.

धूम्रकेशाने दुसरे काम सांगितले. समोर तीन आसने होती आणि तिन्हींवर राजा भद्रायू बसला होता. तोच चेहरा, तीच मिशी, कपाळावर तोच व्रण. तिघांच्याही पायांत नवेकोरे जोडे होते, ज्यांनी कधी जमीन पाहिली नव्हती. यांतला तुझा बाप ओळख, असे तो म्हणाला.

चारुमतीने जोड्यांकडे पाहिले. त्यांत वाचण्यासारखे काही नव्हते. ती तिघांसमोर जमिनीवर बसली आणि तिने सगळे सांगितले. आई पहाटे तळ्यावर कशी जाई, टाचा कशाने झिजल्या, त्या दिवशी देवडीत आपण काय बोललो आणि ते कसे खोटे होते.

पहिला राजा म्हणाला, "राजकन्येची वाणी खोटी ठरत नाही."

दुसरा म्हणाला, "चूक झाली असेल, पण राजाज्ञा फिरत नाही."

तिसऱ्याने हळूच विचारले, "त्या पायऱ्यांना शेवाळ असते. तो कधी घसरला नाही ना ग?"

चारुमती उठली आणि तिने त्याचे पाय धरले. बाकीचे दोघे विझून गेले. भद्रायू आसनावरून उतरला. किती वर्षांत मी त्या तळ्यावर गेलो नाही, असे तो म्हणत होता. कुणाशी म्हणत होता, हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते.

"आता तिसरे," धूम्रकेश म्हणाला. त्याने सोमकांताचे जोडे तिच्या हातात दिले. "हे तू एकदा वाचलेस. आता पुन्हा वाच. हा माणूस कसा आहे, ते मला सांग. बरोबर सांगितलेस तर शेवटचा माणूस सुटेल."

सारे दरबारी तिच्याकडे पाहू लागले. सांगण्यासारखे पुष्कळ होते. तो शूर आहे, तो मायाळू आहे, तो शब्दाचा पक्का आहे, हे आता वाळूवरही लिहिलेले होते. चारुमतीने जोडे हातात फिरवले. झिजल्या टाचांवरून तिने अंगठा फिरवला. मग तिने ते छातीशी धरले.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

"वाच."

"वाचणार नाही. तो एका घरात माझ्यासोबत वाढला आणि मी त्याला कधी काही विचारले नाही. तो कसा आहे हे तो सांगेल, नाहीतर मला कळणार नाही."

"मग तुझी विद्या?"

"ती तुझ्या शापाचे मूळ आहे. ती मी सोडते."

धूम्रकेश उठायला गेला. त्याच्या पायाखाली खडावा दुभंगल्या आणि त्याचे तळवे प्रथमच उघड्या मातीला टेकले. मातीला कधी न लागलेले ते पाय वाळूत विरून गेले, मग गुडघे, मग कंबर, मग तो. वाळू लगोलग निवाली. चारुमतीने पुन्हा हातातल्या जोड्यांकडे पाहिले. ते जुने कातडे होते. त्यांतून काही कळत नव्हते.

खोऱ्याच्या टोकाला एका शमीच्या झाडाखाली सोमकांत निजला होता. त्याचे पाय घोट्यांच्या वरपर्यंत जळले होते. कुणी त्यांवर ओली पाने बांधली होती, ती वाळून गेली होती. शाप उतरला होता, पण वाळूने जे जाळले ते शापाबरोबर परत येत नव्हते. चारुमती त्याच्या उशाशी बसली. राजा काही पावलांवर थांबला. त्याला पुढे येववेना.

"ताई," सोमकांत म्हणाला, "आईजवळ कोण आहे?"

"दासी आहेत."

"त्यांना सांग, तिला खिडकीच्या बाजूने कुशीवर वळवू नका. उजेड डोळ्यांवर येतो."

सांगेन, असे ती म्हणाली. मग तिने विचारले, "त्या दिवशी तू बोलला का नाहीस?"

"आईला शब्द दिला होता."

"मी चुकीचे वाचले, सोमकांता."

तो थोडासा हसला. "सगळे चुकीचे नव्हते. मी मागेच राहत असे. मला पुढे जायची घाई कधी नव्हतीच. खिंड दुसऱ्याला मिळाली तेव्हा मला बरे वाटले होते."

"मग वाईट कशाचे वाटले?"

त्याने डोळे मिटले होते. तो झोपला की काय असे तिला वाटले. मग तो म्हणाला, "वाटले होते, निदान देवडीतून जाताना तू हाक मारशील."

तिने त्याचा हात धरला. राजा तेव्हा जवळ आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने मुलाच्या कपाळावरचे केस मागे सारले. मुलगा लहान असतानाही त्याने ते कधी केले नव्हते. सोमकांताने डोळे उघडून बापाकडे पाहिले, आणि तसेच पाहत त्याचा श्वास थांबला.

ज्यांना त्याने पाठीवरून आणले होते त्यांनी शमीच्या फांद्यांची डोली बांधली. प्रधान बुद्धिधराने वय पाहिले नाही, पहिला खांदा त्याने दिला. वाळू थंड होती, नदी उथळ झाली होती, माळावरचे सराटे मऊ गवतासारखे लवले होते. सगळे अनवाणी चालत होते. टिटवी डोलीवरून उडत होती आणि तिचा आवाज ऐकून वाटेतल्या गावांचे लोक काही न विचारता मागोमाग निघत होते.

नगरात बायका देवडीत बसूनच होत्या. आपली माणसे परत आलेली त्यांनी पाहिली, डोलीही पाहिली, आणि आनंद करावा की शोक हे त्यांना कळेना. त्या म्हातारीचा मुलगा तिच्यापुढे येऊन उभा राहिला, तरी ती डोलीकडेच पाहत राहिली.

राणीला सांगायला राजा स्वतः गेला. आत काय बोलणे झाले ते कुणी ऐकले नाही. संध्याकाळी दासींनी पाहिले तेव्हा राजा जमिनीवर बसला होता आणि त्याचे डोके राणीच्या पलंगाच्या कडेला टेकलेले होते.

दिवस गेले. दरबार पुन्हा भरू लागला. राजाने घाई सोडली. एखादा माणूस पदासाठी आला तर त्याला आठ दिवस जवळ ठेवून घेई, त्याच्यासोबत जेवी, त्याचे घर पाही, मगच निर्णय देई. न्यायाला उशीर लागे, पण लोक तक्रार करीत नसत. विहिरी भरल्या राहिल्या, पिके आली, उत्तरेच्या खिंडीतून शत्रू आला नाही. राज्य ठीक झाले.

चारुमती देवडीत पुन्हा बसली नाही. ती पश्चिमेच्या महालात राहायला गेली. राणीला औषध देई, केस विंचरी, आणि मग तिच्याजवळ बसून विचारी, सोमकांत कसा होता? राणीला आधी बोलवत नसे. पुढे ती बोलू लागली. तो बेसूर गात असे आणि गाताना लाजत नसे. पालीला भीत असे. त्याला राज्य नको होते, नावा बांधायला शिकायचे होते. तळ्यावर बसला की तो कमळाच्या पानाची नाव करून सोडी आणि ती बुडेपर्यंत तिथून हलत नसे. एकदा तो म्हणाला होता, माझी ताई फार हुशार आहे, तिला वेळ मिळाला की मी तिला इथे घेऊन येईन.

तिथे राणी थांबली. चारुमतीने डोळे पुसले नाहीत. ती म्हणाली, "अजून सांग."

आणि राणीने सांगितले.